एकच डोळा लाल राहिला तर



कतारची राजधानी दोहा येथे ओल्ड एअरपोर्ट नावाची वस्ती आहे. प्रवासी विमाने २०१४ साली नव्या हमद विमानतळाकडे गेली. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकापुरता जुन्या विमानतळाचा तात्पुरता उपयोग झाला तेवढाच. वस्तीचे नाव मात्र तसेच राहिले. येथे केरळचे, गोव्याचे, महाराष्ट्राचे लोक दाटीने राहतात आणि कोणत्याही रस्त्याला वळले की औषधांचे दुकान दिसते. ह्याच वस्तीत, माझ्या थोरल्या भावाच्या घरी जे घडले, त्यामुळे हा लेख लिहिण्याचे मी धाडस करीत आहे. मी शिक्षिका आहे, वैद्य नव्हे. तथापि वैद्यकाचे जे थोडे ज्ञान मला फार उशिरा मिळाले, ते आपल्या वाचकांना वेळेवर मिळावे, एवढाच माझा हेतू.

दादा तेव्हा साठीला टेकला होता. आयुष्याची बरीच वर्षे त्याने आखाती देशांत बांधकामावर देखरेख करण्यात, म्हणजे उन्हातच घालविली. एके दिवशी त्याच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर बारीकशी गाठ आली. मी ती पाहिली आणि शिक्षिकेला शोभेल अशा आत्मविश्वासाने सांगितले, "दादा, रांजणवाडी आहे. गरम शेक घे, आठ दिवसांत जाईल." गाठ गेली नाही. मग माझ्याच घरात, माझ्याच कपाटात उरलेली थेंबांची बाटली मी त्याला दिली. लाली थोडी उतरली. आम्ही समाधान मानले.

पुढे तो रजेवर मुंबईस गेला. तेथे एका डॉक्टरांनी गाठ कापून आतला भाग खरवडून काढला. जे निघाले ते कचऱ्याच्या बादलीत गेले. तेथून तो मुलीकडे अश्दोदला गेला, तेव्हा डोळा पुन्हा लाल. तेथे वेगळे डॉक्टर, वेगळे थेंब. दोह्यास परतल्यावर गाठ त्याच जागी पुन्हा उभी राहिली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आणखी एक मलम आले. अशा रीतीने चौदा महिने, तीन देश आणि सात बाटल्या-ट्यूबा झाल्या. शेवटी येथील एका डॉक्टरीण बाईंनी भिंगातून पाहता पाहता विचारले, "ह्या जागच्या पापणीचे केस कधीपासून गळले?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. घरातल्या कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. बाईंनी लहानसा तुकडा काढून तपासणीस पाठविला. उत्तर आले: पापणीतील तैलग्रंथीचा कर्करोग, आणि तो डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील आवरणातही पसरलेला.

दादा आज आपल्यात आहे, ही परमेश्वराची कृपा. पण त्याचा उजवा डोळा नाही. दर शुक्रवारी सायंकाळी किद्दुशसाठी मनुकांचे शरबत पेल्यात ओतताना ते थोडे टेबलावर सांडते. कारण एकाच डोळ्याने पाहणाऱ्यास पेला किती दूर आहे ह्याचा अंदाज चुकतो. वहिनी काही न बोलता फडक्याने पुसून घेतात. त्या डागाकडे पाहताना मला माझ्या कपाटातील ती बाटली आठवते.

ह्यात दोष कोणाचा, हे ठरविण्यासाठी मी लिहीत नाही. ज्यांनी ज्यांनी डोळा पाहिला त्यांनी त्या दिवशी दिसले तेवढे पाहिले. चौदा महिन्यांचा हिशेब मात्र एकानेही केला नाही, कारण तो एकापाशीही नव्हता. माझे म्हणणे असे की, स्थलांतरित कुटुंबात हा हिशेब ठेवण्याचे काम डॉक्टरांचे नव्हे, आपले आहे. आणि ते आपण करीत नाही.

आता ह्या रोगांविषयी थोडे. डोळ्याच्या पृष्ठभागावरचे आणि पापणीचे काही कर्करोग साध्या दाहाचे सोंग घेतात. डोळा लाल होतो, चुरचुरतो, पाणी येते, पापणी जाड होते. १९६७ साली फ्रेडरिक थिओडोर ह्या नेत्रतज्ज्ञांनी अशा रोग्यांविषयी लिहिले, ज्यांच्या डोळ्याचा कर्करोग जुनाट डोळे येण्यासारखा दिसत होता. आणि ह्या प्रकाराला त्यांनी 'मास्करेड', म्हणजे मुखवटा घालून फिरण्याचे, नाव दिले. तेच नाव आज वैद्यकात रूढ आहे.

आपल्या वाचकांना सोंगाची कथा नवी नाही. इसहाकाचे डोळे वार्धक्याने मंद झाले होते. याकोब भावाचे कपडे घालून, हातावर करडांची कातडी बांधून पित्यापुढे उभा राहिला. इसहाकाला आवाजावरून शंका आली होती, हे तोरात स्पष्ट सांगितले आहे. पण त्याने हात चाचपले, केस लागले, आणि शंका बाजूला ठेवून आशीर्वाद दिला. तेथे परमेश्वराची योजना होती. म्हणून त्याचा परिणाम आपल्या पूर्वजांच्या भाग्याचा ठरला. आजारात असे होत नाही. तेथे न जुळणारी एक खूण दिसली, तर जुळणाऱ्या चार खुणांपेक्षा तिच्याकडेच अधिक लक्ष दिले पाहिजे. दादाच्या पापणीचे गळलेले केस ही ती न जुळणारी खूण होती.

असे मुख्यतः तीन आजार आहेत. पहिला दादाला झाला तो. पापणीच्या आत अश्रूंवर तेलाचा पातळ थर पसरविणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. (ज्यांचे पूर्वज कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखले जात, त्यांना तेलाची ही ग्रंथी लक्षात ठेवणे अवघड जाऊ नये.) ग्रंथीचे तोंड बंद झाले की निरुपद्रवी गाठ येते, जिला आपण सरसकट रांजणवाडी म्हणतो. पण त्याच ग्रंथीत कर्करोग उद्भवला, तर आरंभी तो हुबेहूब तसाच दिसतो. वरच्या पापणीत ह्या ग्रंथी अधिक, म्हणून तेथे हा रोगही अधिक. शिवाय त्याच्या पेशी, पावसाळ्यात कोकणातल्या घराच्या भिंतीत ओल पसरावी तशा, वरच्या आवरणात पसरत जातात. गाठ न दिसता नुसता डोळा लाल दिसतो. त्यामुळेच पापण्यांच्या कडांची जुनी सूज किंवा जुनाट डोळे येणे, असा समज होतो. रोग मानेतील व कानापुढील गाठींपर्यंत पोहोचू शकतो आणि जीवही घेऊ शकतो. लवकर सापडला, तर रोगट भाग कडा निर्दोष लागेपर्यंत कापून पापणी पुन्हा बांधून देतात आणि डोळा वाचतो.

दुसरा आजार बुबुळाच्या कडेला उद्भवतो. तेथे पांढुरका, पिवळसर किंवा मांसासारखा उंचवटा येतो आणि त्याकडे जाड रक्तवाहिन्या जाताना दिसतात. उन्हात काम करणाऱ्यांच्या बुबुळावर मांसाचा जो निरुपद्रवी पापुद्रा चढतो, ज्याला डॉक्टर टेरिजियम म्हणतात, तोच हा, असे वाटते. कधी हा रोग उंचवटा न करता पसरतो, आणि मग तो महिनोन्‌महिने डोळे आल्याप्रमाणे भासतो. लहान असताना तो शस्त्रक्रियेने व शीतोपचाराने काढता येतो. काही रोग्यांना तर मायटोमायसिन किंवा फ्लुरोयुरॅसिल ह्या कर्करोगाच्या औषधांचे थेंबच पुरतात. म्हणजे वेळेवर ओळखला तर उपचार थेंबांचाच आहे. पण थेंब वेगळे.

तिसरा आजार लसिका-पेशींचा. पापणी खाली ओढली असता आतल्या बाजूस फिकट गुलाबी, मांसल पट्टा दिसतो. दुखत बहुधा नाही. स्टिरॉइडचे थेंब घातले की तो काही काळ ओसरतो आणि सर्वांना वाटते, रोग गेला. ह्यातील बहुतेक प्रकार संथ असतात आणि थोड्या किरणोपचारानेही आटोक्यात येतात. परंतु तो शरीरात अन्यत्र आहे काय, हे तपासावे लागते, आणि थेंबांनी लाली घालविणाऱ्यास ती तपासणी करण्याचे कारणच उरत नाही.

आपण कोकणातून आलेल्या माणसांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, असे मला का वाटते? पाश्चात्त्य देशांतील पुस्तके सांगतात की पापणीच्या कर्करोगांत बेसल सेल नावाचा, त्वचेचा सौम्य प्रकार बहुसंख्य असतो आणि तैलग्रंथीचा कर्करोग अगदी विरळा. भारतात चित्र निराळे आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने पापणीच्या कर्करोगाच्या ५३६ भारतीय रोग्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यांत शेकडा ५३ जणांना तैलग्रंथीचा कर्करोग होता. बेसल सेलचे रोगी शेकडा २४ होते. म्हणजे जे पश्चिमेकडे दुर्मीळ, ते आपल्या मायभूमीत पहिल्या क्रमांकावर. हे सारे रोगी विशेष रुग्णालयात आलेले, हे मान्य. तरी भेद दुर्लक्ष करण्याजोगा नाही. युरोप, अमेरिका किंवा इस्रायल येथे शिकलेल्या डॉक्टरांना ह्या रोगाचे नाव ठाऊक असते, पण तो चटकन मनात येईलच असे नाही. आपण भारतात जन्मलो, आपली गाठ कापूनही परत आली, हे दोन शब्द आपण त्यांना सांगितले तर त्यांचे काम सोपे होते. ह्यात त्यांचा अपमान नाही.

दुसरे कारण ऊन. १९९६ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. विषुववृत्तापासून अक्षांशाचे दर दहा अंश दूर जावे, तसतसे बुबुळाकडेच्या ह्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते, असे त्यात दिसले: युगांडात दर दहा लाख लोकांत वर्षाला बारांहून अधिक, तर ब्रिटनमध्ये ०.२ हूनही कमी. रोग एकंदरीत विरळाच, हे ह्या आकड्यांवरून कळते. पण सूर्याच्या अतिनील किरणांचा संबंधही कळतो. अलिबाग साडेअठरा अंशांवर, दोहा पंचवीस अंशांवर, अश्दोद बत्तीस अंशांच्या आत. आपली पिढी ह्या तिन्ही उन्हांत वावरली आहे. कतारात २०२१ च्या नियमानुसार १ जून ते १५ सप्टेंबर ह्या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० पर्यंत उघड्यावर काम करून घेण्यास मनाई आहे. हा नियम उष्माघातासाठी आहे. डोळ्यांना त्याचा लाभ अनायासे होतो. उरलेल्या वेळी रुंद कडेची टोपी आणि अतिनील किरण अडविणारा चष्मा, ही चैन नव्हे. बीर शेवा, दिमोना, येरुहाम ह्या वाळवंटी गावांतील आपल्या माणसांसही हे लागू आहे. मात्र तैलग्रंथीचा कर्करोग उन्हाशी असा सरळ बांधलेला नाही, म्हणून घरात बसणाऱ्या आजीची पापणीही पाहिली पाहिजे.

आता आपल्या सवयींविषयी. राग मानू नये, कारण पहिली दोषी मीच आहे. भारतातून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेत लोणचे, पापड, मसाला यांबरोबर थेंबांच्या बाटल्या असतात. 'आमच्या डॉक्टरांचे औषध फार गुणकारी' असे म्हणून ती बाटली एका घरातून दुसऱ्या घरात जाते. ह्यातील अनेक बाटल्यांत स्टिरॉइड असते. स्टिरॉइड वाईट औषध नव्हे. योग्य हातात ते डोळे वाचविते. पण देखरेखीवाचून घातले, तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येतो, विषाणूची किंवा बुरशीची जखम चिघळते. आणि ज्या लालीच्या मागे कर्करोग आहे, ती लाली काही दिवस उतरवून ते आपल्याला फसविते. दादाच्या बाबतीत माझ्या बाटलीने हेच केले.

दुसरी सवय, डॉक्टर बदलण्याची. आणि बदलताना आधीच्याचे काहीच न सांगण्याची. काही जण मुद्दाम सांगत नाहीत. नवे डॉक्टर काय म्हणतात, ते कोऱ्या मनाने पाहू, असा त्यांचा विचार. शिक्षिका म्हणून मला हे विचित्र वाटते. आमच्या अध्यापन-प्रशिक्षणात आम्हांस शिकविले होते की, एकच चूक मुलाने तीन वेळा केली, तर त्याच शब्दांत चौथ्यांदा समजावू नये. आपण त्याची अडचण ओळखली आहे काय, हे आधी तपासावे. पण त्यासाठी मागील तीन वेळांची वही समोर असावी लागते. नव्या शिक्षकाला कोरी वही दिली, तर तो पहिल्या धड्यापासूनच आरंभ करणार. नवे डॉक्टरही तेच करतात: पहिल्या थेंबापासून आरंभ.

तिसरी गोष्ट, दैवावर टाकण्याची. 'दृष्ट लागली असेल', 'एलियाहू हन्नबीला मलिदा बोलू', असे आपल्या घरांतून सहज म्हटले जाते. मलिद्याची ताटे मीही लावते आणि कोकणात गेले की खंडाळ्याच्या त्या खडकापाशी माथा टेकते. श्रद्धा आपला प्राण आहे. पण आपल्याच धर्मात जीव वाचविणे हे शब्बाथपेक्षाही थोर मानले आहे. तालमूदातील 'आवोदा झारा' ह्या भागात दुखावलेल्या डोळ्यावर शब्बाथ दिवशीही औषध लावण्यास अनुज्ञा आहे. कारण डोळ्याच्या नसा हृदयाशी बांधलेल्या आहेत, असे आपल्या आचार्यांनी मानले. शरीरशास्त्र आज ते वेगळ्या शब्दांत सांगेल. पण डोळ्याचे दुखणे हे जिवाचे दुखणे असू शकते, हे त्यांनी ओळखले होते. ज्यांनी त्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवला, त्यांचे वंशज रजा मिळत नाही म्हणून चौदा महिने थांबतात, हे बरे नव्हे.

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही लोकांना उगाच भिवविता. हजार लाल डोळ्यांत एखादाच असा निघणार. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मी प्रत्येक लाल डोळ्याला घाबरा, असे म्हणत नाही. १९७१ साली भारतात डोळ्यांची जी मोठी साथ आली, जिला बंगालमध्ये 'जय बांगला' म्हणत, ती आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल. घरेच्या घरे लाल डोळ्यांची झाली आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बरीही झाली. साथीचा डोळा असाच असतो: एकातून दुसऱ्यात जातो, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि निघून जातो. मी ज्याविषयी लिहीत आहे तो डोळा एकटाच लाल असतो, घरात दुसऱ्या कोणाला लागत नाही, आणि जात नाही. हा भेद ओळखायला पदवी लागत नाही. भिंतीवरचे कॅलेंडर पुरते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: 'चाकू लागला की कर्करोग पसरतो.' ही समजूत मी मुंबईत ऐकली, येथे ऐकली आणि अश्दोदहून फोनवरही ऐकली. दादाने तिच्यापायीच शेवटचे दोन महिने टाळाटाळ केली. तुकडा काढून तपासल्यावाचून ह्या रोगाचे नाव निश्चित होत नाही, आणि नाव निश्चित झाल्यावाचून योग्य उपचार होत नाहीत. तुकडा कोठून, किती, की लहान उंचवटा एकदम संपूर्णच काढावा, हे जाणकार नेत्रतज्ज्ञाने ठरवावयाचे असते. म्हणून ते काम कोपऱ्यावरच्या दवाखान्यात उरकू नये, एवढेच त्या भीतीत तथ्य आहे. रोग पसरतो तो मुख्यतः वेळेने.

तर मग आपण काय करावे? मी माझ्या घरात जे नियम केले आहेत, ते सांगते.

एक. ज्या दिवशी डोळा लाल झाला किंवा पापणीवर गाठ आली, ती तारीख लिहून ठेवावी, आणि हातातल्या फोनने एक छायाचित्र घ्यावे. दर आठवड्याला आणखी एक घ्यावे. आमच्या पिढीजवळ हे साधन नव्हते. आता प्रत्येकाजवळ आहे.

दोन. एकाच डोळ्याची लाली उपचार करूनही चार आठवड्यांत गेली नाही, तर तेच थेंब पुन्हा न घालता नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि नम्रपणे विचारावे, "हे दाहाखेरीज दुसरे काही असू शकेल काय? तुकडा तपासावा काय?" पापणीचे केस गळले असतील, कडा जाड किंवा पिवळसर झाली असेल, बुबुळाच्या कडेचा उंचवटा वाढत असेल, दृष्टी मंदावली असेल किंवा कानापुढे गाठ लागत असेल, तर चार आठवडेही थांबू नये.

तीन. पापणीवरची गाठ कापावी लागली, तर निघालेला भाग तपासणीस पाठविण्यास सांगावे. आणि तीच गाठ त्याच जागी परत आली असेल, तर ह्याबाबत आग्रह धरावा. बुबुळावरचा पापुद्रा काढला तरी हेच. अहवालाची प्रत आपल्याजवळ ठेवावी.

चार. एक वही करावी. कोणत्या देशात, कोणत्या तारखेस, कोणते औषध, किती दिवस, आणि त्याने काय झाले, हे पाच रकाने त्यात असावेत. डॉक्टर कोठलेही असोत, ती वही त्यांच्यापुढे ठेवावी. कुटुंबात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल तर तेही लिहावे, कारण तैलग्रंथींच्या गाठी काही थोड्या कुटुंबांत त्यांच्या जोडीने आढळतात.

पाच. उरलेली बाटली कोणास देऊ नये. उघडल्यानंतर महिन्याभरात ती टाकून द्यावी.

इस्रायलमधील वाचकांना एवढे स्मरण करून द्यावेसे वाटते की, राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा १९९५ पासून तेथे लागू आहे, आणि १९९६ च्या रोगी-हक्क कायद्याने दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा व आपल्या नोंदींची प्रत मागण्याचा अधिकार प्रत्येकास दिला आहे. आपले वडीलधारे कुपत होलिममध्ये भाषेच्या संकोचाने गप्प बसतात. 'कसे आहे?' असे विचारले की 'बेसेदेर' म्हणून उठतात. अशा वेळी इव्रीत शिकलेल्या नातवाने बरोबर जावे. कतारात राहणाऱ्यांनी आरोग्य कार्ड काढून ठेवावे. वस्तीतील प्राथमिक केंद्रातून हमद वैद्यकीय महामंडळाच्या नेत्रविभागाकडे जाता येते. मुंबईकडे असाल तर कर्करोगासाठी परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. ते कोणास सांगावयास नको.

ह्या बुलेटिनच्या संपादकांस आणि आपल्या महिला मंडळांस माझी एक विनंती आहे. आपण सणांचे कार्यक्रम करतो, पाककृतींच्या स्पर्धा घेतो. त्यांतील एक दुपार एखाद्या नेत्रतज्ज्ञास बोलावून डोळ्यांसाठी द्यावी. मराठीत बोलणारे कोणी मिळाले तर फारच उत्तम. न मिळाले तर आपल्यातील एखाद्या परिचारिकेने भाषांतर करावे. आपल्या समाजात परिचारिकांची वाण कधीच नव्हती.

रोज सकाळच्या प्रार्थनेत आपण आंधळ्यांना दृष्टी देणाऱ्या परमेश्वराचे आभार मानतो. लहानपणापासून मी ते शब्द म्हणत आले. दादाच्या आजारानंतर मात्र ते म्हणताना मी थोडी थांबते. शुक्रवारी दिवे लावल्यावर घरातील वडीलधाऱ्यांच्या पायां पडण्यासाठी आपण वाकतो. उठताना त्यांच्या चेहऱ्याकडे क्षणभर नीट पाहावे. दोन्ही डोळे सारखे आहेत काय? पापणीचे केस जागच्या जागी आहेत काय? काही वेगळे दिसले, तर तारीख लिहून ठेवावी आणि रविवारी डॉक्टरांना फोन करावा.